बिबट्या शोधणारा कॅमेरा आणि आजीचे पाय

गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीवर ड्रोन आला. लग्नाच्या शूटिंगचा नाही, वन खात्याचा. उसाच्या कडेला दोन दिवस ठसे दिसत होते, शेजारच्यांची शेळी गेली होती. जुन्नर तालुक्यात राहणाऱ्या कुणालाच यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे थंडी, ऊसतोड आणि बिबट्या एकत्रच येतात.

ड्रोनला थर्मल कॅमेरा होता. अंधारात सगळी वस्ती त्या छोट्या स्क्रीनभोवती गोळा झाली. काळ्या-करड्या शिवारात एक पांढरा ठिपका सरकला आणि सगळ्यांचा श्वास अडकला. तो आमचाच कुत्रा निघाला. बिबट्या त्या रात्री दिसलाच नाही. खात्यातल्या दादांना विचारलं, तर ते म्हणाले, "ऊस दाट असला की आतलं जनावर कॅमेऱ्याला दिसत नाही. पाल्याच्या वर जेवढी ऊब येईल तेवढंच दिसतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण स्क्रीनवर मला आणखी एक गोष्ट दिसली होती. आम्ही सगळे बांधावर उभे होतो आणि कॅमेऱ्यात आमचे चेहरे पांढरेशुभ्र, हात करडे आणि चपलांतले पाय जवळजवळ काळे दिसत होते. अर्थात थंडीच होती तेवढी. पण आमच्या घरात काळ्या पायाचा विषय निघाला की सगळे गप्प होतात.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. त्याआधी दोन वर्षं ते विहिरीकडे जाताना मध्येच थांबायचे. "पोटरी धरते," म्हणायचे. दोन मिनिटं बांधावर टेकले की पुन्हा चालायला लागायचे. घरात सगळ्यांनी त्याला 'वात' असं नाव देऊन टाकलं. मग टोमॅटोच्या प्लॉटमध्ये बांबूची काडी रुतली. जखम महिनाभर भरेना. बोट जांभळं झालं, मग काळं. एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पेनसारखं एक यंत्र त्यांच्या घोट्याला लावलं. उजव्या पायातून 'सूं-सूं' असा आवाज आला. डाव्यातून जवळपास काहीच नाही. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. तो न आलेला आवाज मला अजून आठवतो.

आता मी मास कम्युनिकेशन करतेय, आणि प्रश्न विचारणं हाच माझा अभ्यास आहे. म्हणून विचारायला सुरुवात केली: उसातला बिबट्या दुरून शोधता येतो, तर पायात रक्त पोहोचत नाहीये हे हात न लावता, नुसत्या कॅमेऱ्याने कळेल का?

उत्तर 'हो, पण' असं आहे. आणि सगळी गंमत त्या 'पण'मध्ये आहे.

आधी पायाचं काय होतं ते बघू. हृदयापासून पाय सगळ्यात लांब. विडी-सिगारेट, मधुमेह, वाढलेलं ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल यांमुळे पायाच्या धमन्या आतून अरुंद होत जातात, जुन्या पाइपात क्षार साचावा तशा. बसलेलं असताना थोडं रक्तही पुरतं. चालायला लागलं की पोटरीच्या स्नायूला जास्त लागतं, ते मिळत नाही आणि पोटरी दुखते. थांबलं की दुखणं जातं. 'चालल्यावर धरते, थांबल्यावर सुटते' ही खूण एवढी ठळक आहे की डॉक्टरांनी नुसती ऐकली तरी त्यांचे कान टवकारतात. तात्या ती दोन वर्षं रोज सांगत होते. आम्हाला कळली नाही.

मधुमेह असेल तर आणखी एक घोळ होतो. पायाच्या नसा बधीर होतात, त्यामुळे दुखणंही कळत नाही. चप्पल पायातून कधी निसटली ते समजत नाही. आमच्याकडे थंडीत शेकोटीला पाय लावून बसायची सवय आहे. बधीर पाय भाजतो आणि माणसाला सकाळी फोड दिसतो. आयसीएमआरची जी मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार देशात मधुमेह असलेली माणसं दहा कोटींहून जास्त आहेत.

"आमच्यात कोण जाडं आहे? आम्हाला कसली शुगर?" हे वाक्य गावात हमखास ऐकू येतं. त्यावर पुण्याकडेच एक जबरदस्त उत्तर आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. शेतात राबणारा किडकिडीत माणूसही मधुमेहापासून सुटलेला नाही, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं.

आणि हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार, असं समजून पान उलटू नका. बर्गर्स डिसीज नावाचा एक प्रकार आहे. १९०८ मध्ये लिओ बर्गर या डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो प्रामुख्याने तंबाखू घेणाऱ्या तरुण पुरुषांना होतो, बऱ्याचदा पंचेचाळिशीच्या आत. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. तंबाखू पूर्ण सोडणं हाच त्यावरचा खरा उपाय. कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

आता कॅमेरा. त्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही एकदम वेगळ्या.

पहिली थर्मल. आपलं अंग सतत इन्फ्रारेड किरण बाहेर टाकत असतं. डोळ्यांना ते दिसत नाहीत. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि तिथे काहीच दिसत नसताना पारा चढला. तिथून ही गोष्ट सुरू होते. (खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस डिशेस बघत मोठ्या झालेल्या आम्हा पोरांना, न दिसणारे किरण पकडून लांबचं ओळखणं हे काही परकं वाटत नाही.) रक्त ऊब घेऊन येतं, त्यामुळे जिथे रक्त कमी तिथे कातडी गार, आणि थर्मल कॅमेरा तो फरक रंगांत दाखवतो. यात एक फार चांगली गोष्ट आहे. माणूस गोरा असो की सावळा, कातडीतून बाहेर पडणाऱ्या या उबेत फरक पडत नाही.

पायासाठी हे वापरण्याची कल्पना नवी नाही, आणि तिची मुळं आपल्या देशातल्या कामात आहेत. तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांचे हातपाय वाचवत होते. बधीर पायाला जखम होते ती पुन्हा पुन्हा त्याच जागी दाब पडून, हे त्यांनी ओळखलं. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या रुग्णालयात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बधीर पायांवर थर्मोग्राफी वापरली आणि १९७५ मध्ये त्यावर लिहिलं. जखम फुटण्याआधी ती जागा गरम होते, आणि दुखत नसलं तरी कॅमेऱ्याला ती दिसते. त्याच वाटेवरून पुढे संशोधकांनी एक आकडा ठरवला. दोन पायांच्या त्याच जागी २.२ अंश सेल्सिअसहून जास्त फरक सलग दोन दिवस दिसला तर सावध व्हा, चालणं कमी करा, पाय दाखवा.

इथे गोंधळ होण्याची भीती आहे, माझाही झाला होता. गरम जागा म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग. गार जागा म्हणजे कदाचित रक्त कमी. एकाच पायात दोन्ही असेल तर? रक्त कमी आहे आणि त्यात जखम चिघळून गरम झालीय, तर कॅमेरा 'सगळं ठीक' असा रंग दाखवू शकतो. दोन्ही पायांच्या धमन्या सारख्याच खराब असतील तर तुलना कशाशी करायची? शिवाय मधुमेहात नसा बिघडल्या की कातडीजवळच्या छोट्या वाटा उघड्याच राहतात आणि पाय चांगला कोमट लागतो, खाली बोटापर्यंत रक्त पुरत नसलं तरी. म्हणजे तेच, उसातल्या बिबट्याचं. पाल्याच्या वर जेवढी ऊब येईल तेवढंच दिसणार.

दुसरी तऱ्हा मला जास्त भारी वाटली, कारण तिला साधा कॅमेराही चालतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखाली थोडं जास्त रक्त येतं, आणि रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला आपल्या कातडीचा रंग अगदी किंचित बदलतो. डोळ्याला कधीच दिसणार नाही इतका किंचित. पण व्हिडिओतल्या हजारो पिक्सेलची सरासरी काढली की ती लाट सापडते. २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की साध्या उजेडात, साध्या कॅमेऱ्याने, काही अंतरावरून चेहऱ्यावरची नाडी मोजता येते, आणि सगळ्यात स्पष्ट लाट हिरव्या रंगात मिळते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडमध्ये घरोघरी पोहोचला, त्याचंच हे न चिकटवता केलेलं भावंड म्हणा ना.

पायावर हे कसं वापरायचं? दोन्ही तळपायांचा एकत्र व्हिडिओ घ्यायचा आणि लाटांची तुलना करायची. ज्या पायाची धमनी अरुंद, तिथली लाट बुटकी, पसरट आणि जराशी उशिरा पोहोचलेली. आता थोडा हिशेब करू. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो. मिनिटाला ७२ ठोके असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला २५ फ्रेम येतात. लाटेची उंची बघायला तेवढ्या ठीक आहेत. पण उशीर मोजायचा तर तो असतो सेकंदाच्या काही शतांश भागांचा, आणि दोन फ्रेममधलं अंतरच मुळी तीन शतांशांहून जास्त. मासे बारीक, जाळं मोठं. त्यासाठी वेगवान कॅमेरा लागतो. आणि इथे कातडीचा रंग आडवा येतो, कारण सावळ्या कातडीतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं आणि लाट आणखी बारीक होते. त्यावर आमच्याकडचे तळपाय म्हणजे भेगा, घट्टे आणि आयुष्यभराची माती!

याहून पुढचे, लेसरच्या प्रकाशात रक्ताची हालचाल टिपणारे किंवा रक्तातला ऑक्सिजन रंगांवरून ओळखणारे कॅमेरेही आहेत. ते महाग आहेत आणि सध्या मोठ्या शहरांतल्या संशोधनापुरते. आपण आपल्या ओसरीवर येऊ.

माझ्या मैत्रिणीचा भाऊ चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. इलेक्ट्रिक पॅनेल कुठे तापतंय ते बघायला त्यांच्याकडे हातात धरायचा थर्मल कॅमेरा असतो. एका रविवारी तो घेऊन आला. घरातल्या सगळ्यांना ओळीने सतरंजीवर पाय पसरून बसवलं.

पहिला निकाल: पप्पांचा उजवा पाय डाव्यापेक्षा चार अंश गार! आई रडायच्या बेतात. मग कळलं की पप्पा नुकतेच मोरीत एक पाय धुऊन आले होते, आणि दुसरा धुण्याआधीच आम्ही हाक मारली होती. दुसरा निकाल: माझे दोन्ही पाय निळेजांभळे. मी पंख्याखाली बसले होते. धाकट्या भावाचा एक तळवा गार, कारण तो मांडी घालून बसला होता आणि पाय फरशीला टेकला होता. थोडक्यात, पहिला तासभर आम्ही रक्तपुरवठा सोडून बाकी सगळं मोजलं. मग नीट वाचलं तसं केलं: पाय कोरडे, मोजे नाहीत, पंखा बंद, दारं लोटलेली, पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं. तेव्हा कुठे सगळ्यांचे पाय माणसासारखे दिसायला लागले.

फक्त आजीचे सोडून. तिच्या डाव्या पायाची बोटं निळीच राहिली.

खरं तर ती कॅमेऱ्यासमोर यायलाच तयार नव्हती. "माझ्या पायाचा कसला फोटो काढता? पाया पडायचं तर पड."

मी तिला स्क्रीन दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा पाय गारच असतो गं. रात्री गोधडीत पण गार."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. देवळाच्या चढाला पोटरी बी धरती. थांबलं का सुटती."

ओसरीवर एकदम शांतता. तात्या समोरच बसले होते. त्यांनी स्वतःचा पाय आत ओढून घेतला आणि म्हणाले, "मग आई, तू बोलली का नाय?"

"कुणी इचारलं?"

आता खरं सांगायचं तर यात कॅमेऱ्याने निदान केलं नाही. चार अंशांचा फरक त्याने पप्पांच्या ओल्या पायालाही दाखवला होता. त्याने एवढंच केलं की घरातली सगळी माणसं पंधरा मिनिटं आजीच्या पायाकडे बघत बसली. पण तेवढं तरी याआधी कधी झालं होतं?

त्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं. तेच पेनसारखं यंत्र, डॉपलर. घोट्याजवळचं ब्लडप्रेशर मोजायचं, दंडाचं मोजायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास किंवा थोडं वर येतं. ०.९ किंवा त्याहून कमी आलं तर धमनी अरुंद झाल्याचा संशय. आजीच्या दंडाचं १४०, डाव्या घोट्याचं ९८. भागाकार तुम्हीच करून बघा. या मोजमापाला एबीआय म्हणतात, आणि कॅमेरे कितीही आले तरी आज डॉक्टर पहिला विश्वास यावरच ठेवतात. मधुमेहींच्या धमन्या कधी कधी कडक होतात आणि आकडा खोटा चढा येतो, मग अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं. म्हणजे हाही आकडा देववाणी नाही.

मग कॅमेऱ्याचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. माझ्या मते चाळणीसारखा. आहुपे, तळेघर किंवा आंबे-हातवीजच्या बाजूला, जिथे भातलावणीत माणसं दिवसभर चिखलात उभी असतात आणि हिरड्याच्या दिवसांत रानात फिरतात, तिथून मंचर किंवा जुन्नरला यायचं म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडतो. पोटरी धरते एवढ्यासाठी कोण येणार? डॉपलर नीट वापरायला शिकावं लागतं, एकेका माणसाला वेळ लागतो. कॅमेरा पटापट बघतो, जखमेला स्पर्श करत नाही, आणि चित्र आजीलाही कळतं. शंभरातले दहा बाजूला काढले आणि त्या दहांचा डॉपलर केला, तर रोजगार बुडवणं त्यांना पटेल.

मला तर लेण्याद्री आठवते. गिरिजात्मजाला जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. कुणाची पोटरी कितव्या पायरीला धरते, कोण थांबतं आणि पुन्हा चालतं, हे तिथे आयतं दिसतं. वर चप्पल काढलेलेच पाय. कॅमेरा मांडायला याहून चांगली जागा कुठली? हे मी मैत्रिणीच्या भावाला उत्साहाने सांगितलं तर तो म्हणाला, "उन्हात तापलेल्या दगडावरून अनवाणी आलेला पाय मोजणार तू?" मुद्दा बरोबर होता. सावलीत पंधरा मिनिटं बसवायला लागेल. पण प्रसाद खायला माणसं बसतातच की!

अवसरीला, नारायणगावला, जुन्नरला इंजिनिअरिंग किंवा सायन्स करणाऱ्यांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय ना? सावळ्या, भेगाळलेल्या तळपायावरून नाडीची लाट कशी पकडायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आणि त्यासाठी लागणारे पाय लॅबमध्ये नाहीत, तुमच्या घरी आहेत. फक्त एक करा, निदान करायला जाऊ नका. ते डॉक्टरांचं काम.

कॅमेरा नसेल तरी चालतं. अंधार पडल्यावर आजी-आजोबा पाय पसरून बसतात तेव्हा बोटांच्या बेचक्यांत, टाचेला, नखांच्या कडेला बघा. हाताच्या पाठीने दोन्ही पायांची ऊब ताडून बघा. चालताना पोटरी धरते का, हे विचारा. न भरणारी जखम किंवा काळपट बोट दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गार पाय शेकायला मात्र जाऊ नका.

आजीला गोळ्या सुरू झाल्यात आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. पोटरी धरेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. अशा चालण्याने हळूहळू अंतर वाढतं. सुरुवातीला ती चिंचेपर्यंत जायची, आता हापशापर्यंत जाते. तात्या सोबत असतात, काठी टेकत. त्यांची विडी बोटांबरोबरच गेली.

डॉक्टरांनी आजीला मिसरीही बंद करायला सांगितलीय, कारण तीही तंबाखूच. आजी म्हणते, बंद केली. डबी उशाखाली आहे. काल उघडून बघितली, तर ताजी भाजलेली होती.